कार्यालयात कोपायलट: परवाना कोणाला द्यावा?

मायक्रोसॉफ्टने १६ मार्च २०२३ रोजी जाहीर केलेले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मोठ्या कंपन्यांना विकायला काढलेले ‘मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट’ हे साधन आता पुण्या-मुंबईतल्या मध्यम आकाराच्या कार्यालयांतही दिसू लागले आहे. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, आउटलुक आणि टीम्स या रोजच्या वापरातल्या प्रणालींच्या आतच हा सहायक बसतो, मजकुराचा मसुदा करून देतो, लांबलचक मेलचा सारांश काढतो, बैठकीत कोण काय म्हणाले ते सांगतो आणि तक्त्यातल्या आकड्यांविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतो. त्याची तांत्रिक बाजू समजावणारे लेख पुष्कळ आहेत, त्यामुळे इथे त्यात शिरत नाही. खरेदी, लेखा, प्रशासन अशा विभागांत दिवसभर पत्रव्यवहार, तक्ते आणि बैठकी यांतच वेळ जाणाऱ्या माणसाला हे साधन कितपत उपयोगी पडते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणाला उपयोगी पडते, एवढ्याच अंगाने हे परीक्षण लिहीत आहे.

आधी पैशांचे. मोठ्या संस्थांसाठीचा मूळ दर माणशी दरमहा ३० डॉलर असा ठेवला गेला, तोही वर्षभराच्या करारावर आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ ची मूळ वर्गणी वेगळी भरून. रुपयांत हिशेब केला तर एका माणसामागे वर्षाला तीस हजारांच्या वर रक्कम जाते, म्हणजे वीस जणांच्या एका विभागासाठी सहा लाखांहून अधिक. सुरुवातीला किमान ३०० परवाने एकदम घेण्याची अट होती. ती जानेवारी २०२४ मध्ये काढली गेली आणि तेव्हापासून लहान उद्योगांना हा दरवाजा उघडला. डिसेंबर २०२५ पासून तीनशेपेक्षा कमी वापरकर्ते असलेल्या उद्योगांसाठी २१ डॉलरची ‘कोपायलट बिझनेस’ ही आवृत्तीही मिळू लागली आहे. या सगळ्याच्या शेजारी जानेवारी २०२५ पासून ‘कोपायलट चॅट’ ही सोयदेखील आहे, आणि कार्यालयाच्या खात्यातून शिरणाऱ्याला ती वेगळे पैसे न भरता वापरता येते. खरेदीचा निर्णय घेणाऱ्या अनेकांना या दोहोंतला फरक नीट ठाऊक नसतो, म्हणून तो सांगून टाकतो. फुकटच्या चॅटला तुम्ही जे लिहाल किंवा जी फाइल जोडाल मुख्यतः तेवढेच कळते, बाकी तो इंटरनेटवर शोधतो. पैसे भरून घेतलेला कोपायलट तुमच्या मेलपेटीत, कॅलेंडरमध्ये, टीम्सच्या संभाषणांत आणि शेअरपॉइंट या सामायिक साठ्यावरच्या फायलींत स्वतःहून शोध घेऊ शकतो. वरचे सगळे पैसे या एका क्षमतेचे आहेत, आणि या साधनाचे गुण व धोके दोन्ही तिच्यातूनच निघतात.

गुणांची सुरुवात आउटलुकपासून करावी लागेल. पुरवठादाराने दरवाढ मागितली, खरेदी विभागाने जुन्या पर्चेस ऑर्डरचा दाखला दिला, उत्पादन विभागाने ‘माल लवकर पाहिजे’ म्हणून मध्ये तोंड घातले, लेखा विभागाने डेबिट नोटचा विषय काढला, आणि वरिष्ठांना प्रत पाठवता पाठवता मेलची साखळी अशी लांबली की मूळ प्रश्न काय होता हेच कोणाला आठवेना, हा प्रसंग कोणत्याही कारखान्याच्या कार्यालयात नवा नाही. अशा साखळीचा सारांश मागितल्यावर कोपायलट काही क्षणांत कोणी काय मागितले, कशावर सहमती झाली आणि काय अडले आहे हे मांडतो, आणि प्रत्येक मुद्द्याशेजारी मूळ मेलकडे नेणारा क्रमांक देतो. माझ्या मते या सगळ्यात मोलाचा भाग तो छोटा क्रमांक आहे, कारण सारांशातले एखादे वाक्य संशयास्पद वाटले तर त्यावर बोट ठेवून मूळ मजकूर लगेच पाहता येतो. तपासणी इतकी सोपी असली की माणूस ती खरोखर करतो. ती अवघड असली की ‘बरोबरच असेल’ असे म्हणून पुढे जातो. पुढचे सगळे परीक्षण या साध्या मानवी स्वभावाभोवती फिरणार आहे.

इंग्रजी मेलचे मसुदे करण्यातही साधन तरबेज आहे. मराठी माध्यमातून शिकलेले, कामात अतिशय वाकबगार असलेले, पण परदेशी ग्राहकाला इंग्रजीत दोन परिच्छेद लिहायचे म्हटले की शेजारच्या टेबलाकडे पाहणारे सहकारी प्रत्येक कार्यालयात असतात. त्यांना म्हणणे काय मांडायचे आहे हे पक्के माहीत असते, अडते ते भाषेपाशी; आणि मसुदा समोर आला की त्यात आपले म्हणणे बरोबर उतरले आहे की नाही हेही त्यांना कळते. आमच्याकडे या साधनाचा सर्वांत मनापासून स्वीकार याच गटाने केला, आणि प्रशिक्षणाच्या सत्रांत सर्वांत कमी बोलणारा गटही हाच होता. मराठी पत्रव्यवहाराबाबत मात्र अपेक्षा बेताचीच ठेवावी. अशा साधनांमागे असलेल्या सध्याच्या सगळ्याच भाषिक प्रारूपांचे (लँग्वेज मॉडेल) मराठी व्याकरणाला धरून असले तरी कानाला परके लागते. ग्रामपंचायतीला किंवा महावितरणला लिहायचे पत्र हातानेच लिहिलेले बरे.

टीम्सवरील बैठकीचे इतिवृत्त हा दुसरा भरीव उपयोग. बैठकीचे बोलणे लिहून घेण्याची सोय सुरू ठेवली असेल तर शेवटी चर्चेचा गोषवारा आणि कोणावर कोणते काम आले याची यादी तयार मिळते. मात्र त्या लिहून घेतलेल्या नोंदीचा दर्जा जितका, तितकाच सारांशाचा. आपल्याकडच्या बैठकीत एकाच वाक्यात मराठी क्रियापद, इंग्रजी नाम आणि दिल्लीच्या सहकाऱ्यासाठी हिंदी शेपूट असते, हे लक्षात घेतले तर अशा बैठकीच्या इतिवृत्तावर डोळे मिटून सही करणे शहाणपणाचे नाही. जो स्वतः बैठकीला हजर होता त्याने गोषवारा वाचून चुकीचा मुद्दा खोडायचा आणि मगच तो सर्वांना पाठवायचा, एवढी शिस्त पाळली तर काम उत्तम होते. उलट, बैठकीला गेलोच नाही तरी चालेल, सारांश मिळणारच आहे, अशी सवय लागली की हळूहळू त्या बैठकीत नेमके काय ठरले हे छातीठोकपणे सांगणारा माणूसच उरत नाही.

विक्रेत्यांच्या सादरीकरणांत ‘वेळेची बचत’ हा शब्दप्रयोग हमखास येतो, आणि त्याला आधारही आहे. ब्रिटनच्या सरकारने ३० सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात वीस हजार शासकीय कर्मचाऱ्यांना कोपायलट देऊन पाहिला. त्याच्या जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कर्मचाऱ्यांनी रोज सरासरी २६ मिनिटे वाचत असल्याचे सांगितले, आणि ८२ टक्के जणांनी पूर्वीच्या पद्धतीकडे परत जाण्याची इच्छा नसल्याचे नोंदवले. हा आकडा जाहिरातींत फार फिरला. त्यात ‘सांगितले’ हे क्रियापद आहे, इकडे लक्ष द्यावे. ही मिनिटे कोणी घड्याळ लावून मोजलेली नाहीत.

माणसाचा स्वतःच्या वेगाविषयीचा अंदाज किती फसवा असू शकतो, याचे उदाहरण संगणक-अभियंत्यांवरील एका प्रयोगाने २०२५ मध्येच समोर आणले. अमेरिकेतील ‘मेटर’ या संशोधनसंस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्या परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली, काही एआयच्या मदतीने आणि काही मदतीविना. एआय वापरलेल्या कामांना प्रत्यक्षात १९ टक्के अधिक वेळ लागला होता. तरीही काम संपल्यावर त्या मंडळींचा समज आपण सुमारे २० टक्के अधिक वेगाने काम केले असाच होता. ते साधन वेगळे, काम वेगळे, हे मान्य करूनही ‘तुमचा किती वेळ वाचला?’ अशी प्रश्नावली वाटून त्या उत्तरांवर लाखोंच्या परवान्यांचे नूतनीकरण ठरवणाऱ्या व्यवस्थापकाने हा प्रयोग टेबलाच्या काचेखाली ठेवावा असे मला वाटते.

ब्रिटनच्याच व्यापार मंत्रालयाने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ दरम्यान एक हजार परवान्यांवर केलेली स्वतंत्र पाहणी जाहिरातींत सहसा दिसत नाही, आणि ती अधिक बारकाईने केलेली आहे. तिथेही ७२ टक्के कर्मचारी साधनावर समाधानी होते. मेल लिहिणे आणि अहवालांचे सारांश काढणे या कामांत कोपायलट वापरणारे अधिक वेगवान ठरले आणि त्यांच्या कामाचा दर्जाही सरस होता. पॉवरपॉइंटचे सादरीकरण सरासरी सात मिनिटांहून अधिक लवकर तयार झाले, पण उतरत्या दर्जाचे. एक्सेलमधील विश्लेषण तर वेळही जास्त घेऊन गेले आणि अचूकतेतही मागे पडले. वाचलेल्या वेळेमुळे मंत्रालयाची एकूण उत्पादकता वाढली, असा पुरावा या पाहणीत मिळाला नाही. आणि वापराचे प्रमाण पाहा: परवाना असलेल्या माणसाने दिवसाला सरासरी १.१४ वेळा कोपायलटला काम सांगितले. महिन्याला अडीच हजारांहून अधिक रुपये भरून दिवसातून एकदा विचारपूस.

या पाहणीतला फरक मला पटतो, कारण तो माझ्या निरीक्षणाशी जुळतो. मेल आणि सारांश ही कामे वाचता क्षणी तपासता येतात. सादरीकरण देखणे दिसते म्हणून त्यातला पोकळपणा उशिरा कळतो. आणि तक्त्यातली बेरीज चुकली तर ती तक्त्याकडे पाहून कळतच नाही. मार्चअखेर लेखापरीक्षकाने बोट ठेवले की कळते. एक्सेलमध्ये ऑगस्ट २०२५ च्या सुमारास ‘कोपायलट’ नावाचे सूत्रच आले, खान्यात बरोबरचे चिन्ह देऊन ते लिहायचे आणि साध्या भाषेत प्रश्न विचारायचा. ते जाहीर करताना खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या मार्गदर्शक पानावर बजावले आहे की अचूकता किंवा तेच उत्तर पुन्हा मिळण्याची खात्री आवश्यक असलेल्या कामांसाठी, आकडेमोडीसाठी ते वापरू नये. ही प्रामाणिक सूचना आहे आणि ती कारखान्याच्या भिंतीवर ‘डोक्यावर हेल्मेट घाला’ या पाटीशेजारी लावायला हरकत नाही. लेखा विभागाने या साधनाकडून आकडा मागू नये, सूत्र मागावे. ‘सहा महिन्यांत कोणत्या पुरवठादाराकडे सर्वाधिक रक्कम गेली?’ असे विचारून मिळालेले उत्तर विश्वासावर घ्यावे लागते. ‘पुरवठादारनिहाय बेरीज करणारे सूत्र लिहून दे’ असे सांगितले तर मिळालेले सूत्र दोन-चार ओळींवर चालवून पाहता येते, शेजारच्याला दाखवता येते, आणि पुढच्या महिन्यातही ते तेच उत्तर देते. ज्येष्ठ लेखापालांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. व्ही-लुकअप या एक्सेलमधल्या सूत्राने पोळलेली पिढी आहे ती.

नवख्या माणसाला हे साधन द्यावे की मुरलेल्याला, हा या क्षेत्रातला सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ग्राहकसेवेतील पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे काम तपासले होते. एआयच्या सूचना मिळू लागल्यावर त्यांची तासाला सोडवलेल्या तक्रारींची संख्या सरासरी १४ टक्क्यांनी वाढली. नवख्या आणि कमी कुशल कर्मचाऱ्यांची ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांची जवळजवळ वाढलीच नाही. हा अभ्यास वाचून अनेक मनुष्यबळ विभागांनी ‘म्हणजे परवाने नव्या मुलांना द्या’ असा निष्कर्ष काढला. पण तिथली परिस्थिती पाहिली पाहिजे. त्या सूचना देणारे साधन त्याच कंपनीतल्या संभाषणांवर तयार झाले होते, म्हणजे जुन्या जाणत्यांची उत्तरे नव्यांच्या कानात सांगितली जात होती. शिवाय उत्तर चुकले तर समोरचा ग्राहक तिथल्या तिथे ‘नाही हो, अजून चालत नाही’ असे सांगत होता. तपासनीस समोरच बसलेला होता. खरेदी विभागात नुकत्याच रुजू झालेल्या मुलाने कोपायलटकडून तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता करून घेतला आणि त्यात एका पुरवठादाराने वाहतूकखर्च वेगळा धरला आहे हे निसटले, तर ते त्याला कोण सांगणार? वाहतूकखर्च वेगळा धरला जातो हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ते निसटलेले दिसेल.

याला जोडून बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर हार्वर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये केलेला प्रयोग आठवतो. एआयच्या आवाक्यातल्या कामांत सल्लागारांनी १२ टक्के अधिक कामे केली, ती २५ टक्के अधिक वेगाने केली आणि दर्जाही चांगला सुधारला. मात्र आवाक्याबाहेरचे, पण वरवर तसेच दिसणारे एक काम दिल्यावर एआय वापरणाऱ्यांचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के बिंदूंनी कमी होती. हे सगळे हुशार, उच्चशिक्षित लोक होते. आवाक्याची सीमा आखून दाखवणारी रेषा पडद्यावर कुठेच नसते. अनुभवानेच ती कळते. ऑस्ट्रेलियात डेलॉइट या सल्लागार कंपनीने सरकारला दिलेल्या सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला काही रक्कम परत करायची वेळ आली. तिथेही अहवालाच्या कामात एआयचा वापर झाल्याचे नंतर उघड झाले. एवढ्या मोठ्या संस्थेत तपासणाऱ्यांची वानवा नसावी. तपासण्याचे काम कोणाच्या नावावर लिहिलेले होते, हा प्रश्न खरा.

बँकांत काम केलेल्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा, ही ‘मेकर-चेकर’ची पद्धत तिथे अंगवळणी पडलेली असते. कोपायलट कार्यालयात आला की नोंद करणारा फुकटात मिळतो आणि मंजूर करणाऱ्यावरचा भार वाढतो, पण हे बहुतेक ठिकाणी कामाच्या वाटपात उतरत नाही. कनिष्ठांकडून येणारे टिपण पूर्वी एका पानाचे असे, ते आता सफाईदार चार पानांचे येते, आणि वरिष्ठ ते पुन्हा कोपायलटकडूनच एका पानाचे करून घेतात, अशी चमत्कारिक वर्तुळे तयार होतात. वाचलेली मिनिटे उत्पादकतेत का दिसत नाहीत, याचे एक कारण मला इथे दिसते.

धोक्यांत पहिला आहे फायलींच्या परवानग्यांचा. कोपायलट कोणाचीही कुलपे तोडत नाही. त्या माणसाला जे पाहण्याची मुभा आहे तेच तो दाखवतो. अडचण अशी की बहुतेक कार्यालयांत शेअरपॉइंटवरची मुभा वर्षानुवर्षे सढळ हाताने वाटलेली असते. ‘सर्वांना’ असे निवडून ठेवलेल्या एखाद्या जुन्या फोल्डरमध्ये पगारवाढीचा तक्ता पडलेला असतो आणि तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे तो सुरक्षित असतो. शोधण्यात पटाईत असा सहायक आला की ही अज्ञानाची सुरक्षितता संपते. म्हणून परवाने वाटण्यापूर्वी फोल्डरांची झाडाझडती घेणे अनिवार्य आहे, आणि हे काम कंटाळवाणे, बिनश्रेयाचे आणि मायक्रोसॉफ्टच्या किमतीत न धरलेले आहे. कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक माहितीबाबत २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाल्यानंतर तर ही टाळाटाळ महागात पडू शकते. बाहेरून येणारा धोकाही आहे: जून २०२५ मध्ये ‘इकोलीक’ या नावाने उघड झालेल्या त्रुटीत केवळ एक विशिष्ट मेल पाठवून, समोरच्याने काहीही न दाबता, कोपायलटकरवी आतली माहिती बाहेर नेता येणे शक्य होते. मायक्रोसॉफ्टने ती आपल्या बाजूने बुजवली आणि कोणा ग्राहकाचे नुकसान झाल्याचे समोर आले नाही, हे नोंदवणे न्याय्य ठरेल. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मार्च २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कोपायलट वापरण्यास मनाई केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तोच वापरायला देण्याचे जाहीर केले. दोन्ही निर्णयांमागची सावधगिरी समजण्यासारखी आहे.

तरीही बंदी हा उपाय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. भारताच्या अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक यांसारखी साधने टाळण्याची सूचना काढली, ती गोपनीय कागदपत्रांच्या काळजीपोटी होती आणि योग्यच होती. खासगी कार्यालयांत मात्र नुसत्या बंदीचा परिणाम एवढाच होतो की संगणकावर बंद झालेली गोष्ट खिशातल्या मोबाइलवर चालू राहते. मायक्रोसॉफ्ट आणि लिंक्डइन यांच्या २०२४ च्या जागतिक पाहणीत कामावर एआय वापरणाऱ्यांपैकी ७८ टक्के जण स्वतःच आणलेली साधने वापरत होते, आणि महत्त्वाच्या कामासाठी एआय वापरल्याचे कबूल करायला ५२ टक्के जण कचरत होते. पाहणी विक्रेत्याने केलेली आहे, पण हा चोरटेपणा कोणत्याही कार्यालयात डोळे उघडे ठेवले तर दिसतो. पुरवठादाराचा करार स्वतःच्या फुकट खात्यात टाकून त्याचा सारांश काढणारा माणूस आळशी नसतो. त्याला घरी वेळेवर जायचे असते. त्याला कार्यालयाने अधिकृत, कराराने बांधलेले साधन द्यावे, हा कोपायलटच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

आता अंगीकाराची गोष्ट, जिथे बहुतेक कंपन्या पैसे घालवून बसतात. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०२४ च्या पहिल्या सहामाहीत साठहून अधिक खात्यांतील सुमारे ७,६०० कर्मचाऱ्यांवर कोपायलटची चाचणी घेतली, तेव्हा रोज वापरणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपासच राहिले. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये टीसीएस, इन्फोसिस, विप्रो आणि कॉग्निझंट या चारही कंपन्या प्रत्येकी पन्नास हजारांहून अधिक कोपायलट परवाने घेणार असल्याचे जाहीर झाले. हिंजवडीच्या कंपनीत जे आले ते दोन वर्षांत भोसरी-चाकणच्या पुरवठादाराकडे आलेच पाहिजे, अशी एक अलिखित रीत आहे, त्यामुळे हा रेटा वाढणार. त्यासोबत कोणत्या विभागात किती वापर झाला हे दाखवणारा फलकही व्यवस्थापकांना मिळतो. हा फलक उपयुक्त आहे, पण त्यावरचा आकडा उद्दिष्ट म्हणून कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनात गेला की काय होते हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाल्यानंतर एमएस-सीआयटी घरोघरी पोहोचली, लाखो लोक संगणकासमोर पहिल्यांदा बसले आणि हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण जिथे प्रमाणपत्र वेतनवाढीशी जोडले गेले, तिथे प्रमाणपत्र फायलीला लावून टंकलेखनासाठी पूर्वीसारखेच शेजारच्या लिपिकाला हाक मारणारे साहेबही आपण पाहिले आहेत. कोपायलटला रोज ‘आजची माझी कामे सांग’ असे विचारून फलक हिरवा ठेवणे तर त्याहून सोपे आहे.

आमच्याकडे बाहेरच्या प्रशिक्षकांनी घेतलेल्या सत्रांपेक्षा विभागातल्याच एखाद्याने जेवणाच्या सुट्टीनंतर ‘हे बघा, मी असे केले’ म्हणून दाखवलेल्या गोष्टी अधिक टिकल्या, असे माझे निरीक्षण आहे. प्रशिक्षक सहलीचे नियोजन आणि वाढदिवसाची कविता यांची उदाहरणे देतात. विभागातला माणूस ‘जॉबवर्कच्या चलनांवरून थकलेल्या मालाचे स्मरणपत्र’ कसे काढले ते दाखवतो. आणि तो दाखवताना एखादे चुकलेले उत्तरही दाखवतो, ज्याने ऐकणाऱ्याला साधनाच्या मर्यादा कळतात. प्रशिक्षणाचे पैसे वाचवून अशा दोघा-तिघांच्या नेहमीच्या कामाचा बोजा थोडा हलका केला, तर ते अधिक फळाला येईल.

विशिष्ट कामासाठी घडवलेली साधने आणि कोपायलटसारखा सर्वसाधारण सहायक यांत गल्लत करू नये, हेही सांगायला हवे. नागपूरमधील २३ पोलीस ठाण्यांत वापरून पाहिलेली आणि डिसेंबर २०२५ च्या घोषणेनुसार राज्यभरातील १,१०० ठाण्यांत न्यायची असलेली ‘महाक्राइमओएस एआय’ ही प्रणालीही मायक्रोसॉफ्टच्याच पायाभूत सेवांवर उभी आहे, पण ती गुन्ह्याच्या तपासासाठीच घडवलेली आहे आणि तिचे काम पाहणारा अधिकारी ठरलेला आहे. तिच्या बातम्या वाचून ‘पोलिसांना जमते तर आपल्या स्टोअरला का नाही’ असा सूर लावणाऱ्यांनी, आपल्या स्टोअरसाठी कोणी काही घडवले आहे का, हे आधी पाहावे.

खरेदी करायची असेल तर माझा क्रम असा राहील. आधी सर्वांना फुकटचा कोपायलट चॅट उघडून द्यावा, कोणती माहिती त्यात टाकायची नाही याचे एक पानी परिपत्रक काढावे, आणि काही आठवड्यांनी कोण तो टिकून वापरतो ते पाहावे. दरम्यान शेअरपॉइंटची झाडाझडती उरकून घ्यावी. त्यानंतर पैसे भरायचे परवाने पदाच्या उतरंडीने वाटू नयेत. ज्यांच्या मेलपेटीत आणि बैठकांत खरोखर गर्दी आहे आणि ज्यांना समोर आलेले उत्तर चूक की बरोबर हे स्वतः सांगता येते, अशा खरेदी, विक्रीपश्चात सेवा, निर्यात आणि प्रशासनातल्या अनुभवी लोकांना ते द्यावेत. नव्या मुलामुलींनी पहिले काही महिने तुलनात्मक तक्ते हातानेच करावेत. लेखा विभागाला फुकटचा चॅट आणि सूत्रे मागण्याची सवय एवढे पुरते. मेल आणि इतिवृत्तांसाठी मी या साधनाला पाचपैकी चार गुण देईन, सादरीकरणांसाठी अडीच, आणि एक्सेलमधील थेट विश्लेषणासाठी दीड. तीनशेपेक्षा कमी माणसे असलेल्या उद्योगाने ३० डॉलरच्या आवृत्तीकडे पाहूही नये. करार वर्षाचा असला तरी परवाना एकाच्या नावावरून काढून दुसऱ्याच्या नावावर टाकता येतो, त्यामुळे पहिल्या वर्षी दहाच घ्यावेत, तीन महिने पडून राहिलेला परवाना मागणाऱ्या पुढच्या माणसाकडे वळवावा, आणि नूतनीकरणाच्या टिपणीत किती मिनिटे वाचली याऐवजी कोणते काम बंद झाले किंवा कोणते नवे सुरू झाले, हा रकाना ठेवावा.